जुलैतली माकडटोपी

अजमानच्या त्या सहामजली बिल्डिंगीत एका मंगळवारी बातमी फुटली की तिसऱ्या मजल्यावरचे अण्णासाहेब खोमणे ठार वेडे झाले. पुरावा भक्कम होता. बाहेर सेहेचाळीस डिग्री, डांबर चपलेला चिकटतंय, आणि हे महाशय सकाळी सात वाजता लिफ्टमध्ये उभे: अंगात एकावर एक दोन स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर तपकिरी माकडटोपी. चौथ्या मजल्यावरच्या शुभ्रावहिनींनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि वहिनींनी पाहिलेलं तासाभरात अख्ख्या बिल्डिंगीने पाहिलेलं असतं. दुपारपर्यंत बातमीला शेपूट फुटलं. कुणी म्हणालं, कॅनडाचा व्हिसा लागलाय, सराव चाललाय. कुणी म्हणालं, ऊन मेंदूत शिरलं की माणसाला उलटी थंडी वाजते, आमच्या मावसभावाला वाजली होती.

खरं एवढंच होतं की अण्णासाहेब कामावर निघाले होते आणि काम बर्फातलं होतं. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात डबा, मग स्वेटर ठेवायचे कुठे? अंगात. वेडे वगैरे काही झाले नव्हते. आधीपासून जितके होते तितकेच होते.

अण्णासाहेब मूळचे बारामतीकडचे. ट्रॅक्टर दुरुस्त करता करता आखातात आले आणि सत्तावीस वर्षं दुबईतल्या रास अल खोरच्या एका गॅरेजात मिस्त्री आहेत. जनरेटर, फोर्कलिफ्ट, वाळूत उधळणाऱ्या चारचाकी बाईक, काहीही आणा. आवाज ऐकून दुखणं सांगणार, पण त्याआधी मालकाची अक्कल काढणार. त्यांच्या मते जगात मेकॅनिक दोनच, एक ते स्वतः आणि दुसरा अजून जन्मायचाय. पठाण, मल्याळी, बंगाली, सगळं गॅरेज त्यांना 'उस्ताद' म्हणतं. घरी संध्याताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काहीच म्हणत नाहीत. मिक्सर चालू केला तरी मिक्सरच्या आधी यांचा आवाज सुरू होतो, मग बोलायचं कधी?

मे महिन्यात गॅरेजला एक नवलाईचं गिऱ्हाईक मिळालं. रास अल खैमातल्या एका मॉलच्या पोटात कुणी बर्फाचा डोंगर उभारलाय. माणसं तिकीट काढून उणे चार डिग्रीत शिरतात, घसरतात, पडतात आणि फोटो काढतात. पडलेल्यांना वर ओढायला तिथे एक स्नोमोबिल आहे: पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, मधे पेट्रोलचं इंजिन. सेकंडहँड माल, सुरू व्हायला नखरे करायचा. तो ट्रकवर घालून गॅरेजात आला.

अण्णासाहेबांनी जुने प्लग काढले, नवे बसवले. इंजिन पहिल्या ओढीत सुरू झालं. दुखणं संपलं. इथे थांबले असते तर ही गोष्ट लिहायला कारण उरलं नसतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं नाही तर ते अण्णासाहेब कसले! अंगणातल्या भर उन्हात ट्रायल घेताना इंजिनाने थोडा धूर सोडला.

"बघा, जास्त पितंय," अण्णासाहेब म्हणाले. "बर्फात राहून या गोऱ्यांची अक्कल गोठलेली. भोक केवढं ठेवलंय!"

हे भोक म्हणजे कार्बोरेटरमधलं जेट. गव्हाच्या दाण्याएवढा पितळी तुकडा, त्याच्या छिद्रातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. अण्णासाहेबांनी ते काढून बारीक छिद्राचं बसवलं. धूर गेला, इंजिन सतारीसारखं वाजू लागलं. जुनं जेट त्यांनी बामच्या रिकाम्या बाटलीत टाकलं, बाटली खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि विसरले. ते टाकून काही देत नाहीत आणि ठेवलेलं काही आठवत नाहीत.

गाडी मॉलमध्ये गेली आणि अर्ध्या चढावर खोकून मेली. परत गॅरेजात आणली, तर सतारीसारखी! पुन्हा नेली, पुन्हा मेली. दोन महिन्यांत चार फेऱ्या झाल्या. अण्णासाहेबांनी दोष द्यायला सुरुवात ड्रायव्हरपासून केली, मग पेट्रोलवर आले, मग मॉलवर, आणि शेवटी जाहीर केलं की तो बर्फच नकली आहे.

दुसरा शहाणा होता कुणाल. गॅरेजचे मालक सतीश मुळीक यांचा हा पुतण्या, शारजात वाढलेला, नुकता इंजिनिअर झालेला. त्याने गाडीला वायरी लावल्या आणि गॅरेजच्या उन्हात दोन दिवस लॅपटॉपसमोर बसला.

"एव्हरीथिंग इज नॉर्मल, अंकल," तो म्हणाला. "तुम्ही काही चेंज केलं होतं का?"

"मॅन्युअल वाच," अण्णासाहेब म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोराला आपण चोरी केल्याचं आठवतही नव्हतं.

सोमवारी सतीशशेठनी अण्णासाहेबांना केबिनमध्ये बोलावलं.

"अण्णा, शुक्रवारी सकाळी नऊला मॉलचा मॅनेजर गाडी बघणार. तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. साठी आली. कुणाल म्हणतो, आता अण्णांना मोकळं करा. शुक्रवारी गाडी डोंगर चढली तर कागद पुढे पाठवतो. नाही चढली तर खलास. मग मला बोल लावायचा नाही."

अण्णासाहेबांनी चेहरा असा ठेवला जणू सतीशशेठनीच सुट्टी मागितलीय. बारामतीला जाऊन करायचं काय? धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पंख्याखाली खुर्ची मिळेल, चहा मिळेल, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं जाईल की हे आमचे मोठे बंधू, दुबईला असायचे. असायचे! तिथे त्यांना उस्ताद कोण म्हणणार? म्हणून मंगळवारी स्वेटर अंगावर चढले. गाडी तिच्या घरी आजारी पडते ना, मग तिच्या घरी जाऊनच नाडी बघायची.

दोन दिवस ते बर्फात बसले. टाकीत ताजं पेट्रोल भरलं, हवेचा फिल्टर पाहिला, पट्टा पाहिला, सायलेन्सर उतरवला. बोटं वाकेनात, नट बर्फात पडले की चमच्याने उकरायचे. भाड्याची जाकिटं घातलेल्या एका पंजाबी कुटुंबाला वाटलं, माकडटोपीतला हा माणूस तिकिटातच आहे. त्यांनी मुलाला अण्णासाहेबांच्या मांडीवर बसवून फोटो काढला. आणि गाडी होती तिथेच, अर्ध्या चढावर खोकत.

गुरुवारी सकाळी संध्याताई डब्याच्या भाकरी करत होत्या. पाणी घालून पीठ मळायला घेतलं, इतक्यात हे आत आले.

"आज दोन जास्त टाक. थंडीत भूक लागते," म्हणून यांनीच डब्यातलं पीठ परातीत ओतलं. भाकरी थापताना कडेने चिरा गेल्या.

"अगं, पिठाला पाणी कमी पडलंय," अण्णासाहेब म्हणाले. "तीस वर्षं भाकरी करतेस, एवढं कळत नाही?"

"अहो, पाणी मी मोजून घेतलं होतं. पीठ तुम्ही नंतर ओतलंत."

अण्णासाहेबांनी तव्याला नावं ठेवली आणि निघाले.

मॉलमध्ये त्यांनी गाडी चढावर मरू दिली आणि तशीच प्लग काढून पाहिला. गॅरेजात हाच प्लग छान तपकिरी असायचा. इथे पांढराफटक, खडूसारखा. पांढरा प्लग म्हणजे इंजिन उपाशी. पेट्रोल पुरत नाही. पण गॅरेजात पुरतं, इथे का नाही? विचार करत त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, आणि तिचे तुकडे मांडीवर सांडले. घास तोंडातच राहिला.

गरम हवा विरळ, थंड हवा दाट. उन्हात इंजिन एका श्वासात ओंजळभर हवा घेत होतं, इथे त्याच श्वासात ती ठासून भरलेली. हवेचं पीठ वाढलं होतं, पेट्रोलचं पाणी तेवढंच. आणि पाणी कमी कुणी केलं होतं? गोऱ्यांनी नाही, ड्रायव्हरनेही नाही. बामची बाटली त्यांना लख्ख दिसली.

गुपचूप काम उरकता आलं असतं. 'कचरा अडकला होता' म्हटलं की झालं. पण जुनं जेट रास अल खोरला, हे रास अल खैमाला, आणि आणेल असा माणूस गॅरेजात एकच होता. अण्णासाहेबांनी दहा मिनिटं फोनकडे पाहिलं. एवढा वेळ त्यांनी कुठल्या इंजिनाकडेही नुसतं पाहिलेलं नाही. मग नंबर लावला.

"कुणाल, माझा खालचा ड्रॉवर उघड. बामची बाटली आहे, ती घेऊन इकडे ये."

"बाम? अंकल, आर यू ओके?"

"बाम नाही रे. आत जेट आहे. स्नोमोबिलचं."

"व्हिच जेट?"

अण्णासाहेबांनी माकडटोपी कानावरून वर सरकवली. मागे कुणीतरी घसरून पडलं आणि हसलं.

"मे महिन्यात मी काढलेलं."

"वेट. यू चेंज्ड द जेट? मी टू डेज लॅपटॉप लावून बसलो! आय आस्क्ड यू!"

"मी सांगितलं होतं मॅन्युअल वाच. वाचलंस?"

"अंकल, सतीशकाकांना हे कळलं तर युअर व्हिसा..."

"कळू दे. यल्ला, निघ आता."

कुणाल टी-शर्टवर आला आणि दारातच कुडकुडायला लागला. अण्णासाहेबांनी वरचा स्वेटर काढून त्याच्या अंगावर फेकला. "घाल. लॅपटॉप गारठेल." मग गोठलेल्या बोटांनी बारीक जेट काढलं, जुनं बसवलं, दोरी ओढली. गाडी न खोकता डोंगराच्या माथ्यावर गेली आणि उतरून पुन्हा गेली. कुणालने मोबाइलवर शूटिंग केलं. गाडीचं कमी, अण्णासाहेबांच्या तोंडाचं जास्त.

शुक्रवारी नऊ वाजता मॅनेजरसमोर ती सतीशशेठना मागे बसवून दोनदा चढली. सतीशशेठ दोन्ही वेळा ओरडले. कुणालने वाटेतच सगळं पोटभर सांगितलं होतं. मॅनेजर गेल्यावर सतीशशेठ हसून हसून बर्फात बसले.

"कागद सोमवारी पाठवतो," ते कुणालला म्हणाले. "यांना घालवलं तर नवा मिस्त्री ही चूक पहिल्यापासून करणार. यांची करून तरी झालीय."

आता कुणालची आई शुभ्रावहिनींकडून पुरणपोळ्या विकत घेते, त्यामुळे शनिवारी बिल्डिंगीला सगळं ठाऊक होतं. लिफ्टमध्ये अण्णासाहेब संध्याताईंबरोबर भेटले, या वेळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. वहिनी वाटच पाहत होत्या. लिफ्टमध्ये आणखी चौघं होती, म्हणजे मुहूर्त चांगला होता.

"काय अण्णासाहेब," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "ऐकलं ते खरं का? दोन महिने तुम्हीच बिघडवलेली गाडी तुम्हीच दुरुस्त केलीत म्हणे!"

संध्याताईंनी पदर तोंडाशी नेला. अण्णासाहेब लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. तिसरा मजला आला, दार उघडलं, तेव्हा ते बाहेर पडता पडता म्हणाले:

"मी बिघडवली हे शोधायलासुद्धा मीच लागलो ना? बाकीच्यांना तेवढंही जमलं नाही."