पाय सैल पडला तेव्हा

आज सकाळी इथे आखाती देशात, अजमानच्या खाडीबाहेर मासेमारीच्या एका छोट्या, वेगवान बोटीची चाचणी होती. मी बोटींच्या इंजिनांचं काम करते. मालकाला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं: वेग कमी-जास्त करायचा थ्रॉटल हाताचा ठेवायचा की पायाचा?

माझं मत ठरलेलं होतं: हाताचा. हाताचा लिव्हर ठेवाल तिथे राहतो. पायाचं पेडल सतत दाबून धरावं लागतं. बोट चालवणारे मालवणचे काका, त्यांना दत्ताकाका म्हणूया, महिनाभर पेडलच मागत होते. कारण विचारलं की म्हणायचे, "मॅडम, एकदा चालवून तर बघा."

म्हणून पेडल लावून मीच चालवायला बसले. वारा नव्हता. पाणी आणि आकाश एकाच फिकट रंगाचं, मधली रेघ दिसेना. आपण कुठे चाललोय हे हळूहळू विसरायला झालं.

इंजिनाचा आवाज उतरला तशी मी भानावर आले. पाय आपोआप सैल पडला होता. समोर दहा-बारा मीटरवर कुणाच्या तरी जाळ्याचा पांढरा डबा तरंगत होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"मॅडम, खंय गेल्लात?" काका हसत होते.

"कुठे नाही."

"मी गेल्लंय गेल्या महिन्यात. मनान, घराक. लिव्हर होतो थंयच रवलो. बोट पार दगडांपर्यंत गेली. सांगूक लाज वाटली."

रिपोर्टमध्ये मी पेडल लिहिलं. कारण: 'चालकाचं लक्ष उडालं तर वेग आपोआप उतरतो. स्वतः तपासलं.'

तुम्हीही इथे रोज तासन्‌तास गाडी चालवता. मध्येच कुठे जाऊन येता?