दादाचा आवाज काढून दाखवा

जव्हारला एसटी डेपोच्या मागे गजाभाऊंचं गॅरेज आहे. तिथं कोपऱ्यात सुट्या नट-बोल्टांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात एक बोल्ट शोधायला हात घालावा, तर नको असलेलेच आधी वर येतात. त्या गॅरेजातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला जावं, तर दुसरेच हाताला लागतात.

शाळा सुटली की मी बाबांची वाट बघत तिथल्या बाकावर बसते. मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, त्यामुळे माझा डबा लवकर भरला!

दादा म्हणजे आमचा ट्रक. तो माझ्याआधी घरात आला, म्हणून आई मला लहानपणी सांगायची, "हा तुझा मोठा भाऊ." तेव्हापासून सगळेच त्याला दादा म्हणतात. आमचा पाडा मोखाड्याच्या अलीकडे. बाबा दादातून भाताची, नागलीची पोती नेतात, सुट्टीच्या दिवशी खोडाळ्याच्या बाजारात, एरवी जव्हारला, आणि येताना दुकानांचा माल भरून आणतात. रोज सकाळी केबिनमध्ये बसून मी शाळेत येते.

दिवाळीनंतर दादाला एक आवाज लागला. घाट चढतानाच यायचा, तोही भरलेल्या गाडीत. सपाटीवर काही नाही. गॅरेजात तर अजिबात नाही! गजाभाऊंसमोर दादा असा गप्प उभा राहायचा, जसा मुख्याध्यापकांसमोर मस्तीखोर मुलगा.

भिवंडीहून काका फोनवर म्हणाले, "भाऊ, भंगारात दे तो. माझ्या ओळखीचे शेठ आहेत."

बाबा आधी चिडले. मग हळूच म्हणाले, "पोरगी बसते रे त्यात. घाटात काही झालं तर?" आणि ठरलं. होळीपर्यंत आवाज सापडला तर ठीक, नाहीतर दादा शेठना, आणि मी हॉस्टेलात. आमच्या पाड्यावरून शाळेच्या वेळेला दुसरी गाडीच नाही.

* * *

गजाभाऊंचा एक नियम आहे. गिऱ्हाइकानं नुसतं "आवाज येतो" म्हणून चालत नाही. तो आवाज तोंडानं काढून दाखवावा लागतो.

"डॉक्टर विचारतो ना, कुठं दुखतं? मग! गाडीला तोंड नाही, तुम्हाला आहे. काढा आवाज!"

त्यामुळे त्या बाकावर चांगली मोठी माणसं बसून टिकटिक, फुर्र, खडखड करत असतात. डेपोत नवा आलेला कंडक्टर एकदा आत डोकावून घाबरून परत गेला होता.

बाबांची पाळी आली. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "कुर्र... कुर्र... कुर्र."

गॅरेजामागून एक कोंबडी आली आणि बाबांकडे बघत उभी राहिली.

गजाभाऊ म्हणाले, "नामदेव, ट्रक आणलायस की खुराडा?"

* * *

बाबांना ते लागलं. "आता पुरावाच आणतो," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घाटात मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. मी मोबाईल खिडकीशी धरला होता.

गॅरेजात सगळे कान देऊन बसले. मोबाईलमधून आधी वारा ऐकू आला. मग बाबा ओरडले, "येतोय का गं?" पुन्हा वारा. "आता येतोय बघ! आला का?" वारा. "नीट धर! हा, हा, हाच, हाच तो!" आणि रेकॉर्डिंग संपलं.

गजाभाऊंनी ते परत लावलं. शांतपणे ऐकलं. म्हणाले, "एक गोष्ट नक्की. ड्रायव्हरमध्ये बिघाड आहे."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण बाबांनी गजाभाऊंना पाठवायच्या नादात ते घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. काकांचा लगेच फोन, "भाऊ, घसा बसलाय का? गरम पाणी पी!" आत्यानं हळद-दूध घ्यायला सांगितलं. दादाची कोणीच विचारपूस केली नाही.

* * *

आमच्या पाड्यावरची जानी आजी शेळ्या घेऊन घाटातच असते. तिला कळलं की नामदेव आवाज शोधतोय. तिनं मध्येच हात करून ट्रक थांबवला.

"तू त्या गजाकडं जातोस का रं? आवाज काढून टाकायला?"

"हो आजी."

"नको काढू! तुझ्या गाडीचा हॉरन वाजत नाय. त्या आवाजावर त माझ्या शेल्या बाजूला व्हतात. आवाज काढलास त शेल्यांना कोण सांगंल?"

बाबांनी हे गजाभाऊंना सांगितलं. गजाभाऊंनी आधी हॉर्न दुरुस्त केला. संध्याकाळी बाबांनी घाटात ऐटीत हॉर्न वाजवला, तर शेळ्या जागच्या हलल्या नाहीत. माना वर करून दादाकडे बघत राहिल्या. मग बाबांनी गाडी हळूच चढावर घेतली, दादाचा आवाज सुरू झाला, आणि सगळ्या शिस्तीत बाजूला झाल्या!

आजी काठी टेकून उभी होती. "सांगला व्हता मी," एवढंच म्हणाली.

* * *

मग गजाभाऊंनी दादाला खोलायचं ठरवलं. सीट काढली, मागची फळी काढली, सगळं हलवून हलवून बघितलं. आतून खडखड आली.

"सापडला!" गजाभाऊ ओरडले. बाबा उठून उभे राहिले. मीसुद्धा उभी राहिले.

गजाभाऊंनी फळीमागे खांद्यापर्यंत हात घातला, चेहरा वाकडा केला आणि एक पाना ओढून काढला. चौदा नंबरचा. दांड्याला लाल चिंधी बांधलेली.

बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारण तो पाना गजाभाऊंचाच होता! गणपतीपासून हरवलेला. त्या पान्यासाठी त्यांनी समोरच्या पंक्चरवाल्याशी बोलणं टाकलं होतं, चहावाल्यावर संशय घेतला होता, आणि स्वतःच्या मेव्हण्याला दिवाळीला बोलावलं नव्हतं.

पंक्चरवाला रस्त्याच्या पलीकडून सगळं बघत होता. नुसता हसला आणि टायर लोटत आत गेला.

संध्याकाळी घाटात आवाज होताच. बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "गजा, खडखड गेली. पण ती आपली नव्हतीच."

"माहितीये," गजाभाऊ म्हणाले. ते मेव्हण्याला फोन लावत होते.

* * *

शेवटी गजाभाऊ म्हणाले, "मीच येतो घाटात. माझ्या कानांनी ऐकतो."

आम्ही निघालो. दादा अख्खा घाट उतरला, अख्खा चढला. आवाज नाही! रस्त्यात जानी आजीच्या शेळ्या आडव्या आल्या, तेव्हा त्यांना खाली उतरून हाकलावं लागलं.

"ओझं नाही ना," गजाभाऊ म्हणाले. "रिकामा आहे म्हणून गप्प आहे. भरा गाडी!"

पोती कुठून आणायची? मग गॅरेजात परत येऊन बाकावरची माणसं भरली. चहा प्यायला आलेले, एसटीची वाट बघणारे, पंक्चरवालाही (त्याची आता समजूत काढून झाली होती), सगळे मागे चढले. ते झुलत, हसत उभे. गजाभाऊ केबिनमध्ये बाबांशेजारी, आणि खिडकीशी मी.

पहिलं वळण आलं. दादाचा आवाज सुरू झाला. मला स्पष्ट ऐकू आला, कारण मी तो रोज ऐकते. आधी जात्यावर नागली दळतात तशी जाड घरघर. मग तिच्यातून वर चढणारी बारीक कुंईई. आणि बाबांनी गिअर बदलला की लागोपाठ टुक-टुक-टुक, आणि पुन्हा घरघर. तीन आवाज एकामागून एक, एकाच माळेतले. बाबा फक्त मधलाच आवाज काढायचे, तोही कोंबडीसारखा!

पण नेमका त्याच वेळी मागे वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, आवाज खर्र-खर्र असा आहे. दुसरा म्हणाला, छे, भुर्र! तिसऱ्यानं खिट-खिट करून दाखवलं. पंक्चरवाल्यानं फुस्स केलं, सवयीनं. पुढच्या वळणापर्यंत मागचे सगळेजण आपापला आवाज जीव तोडून काढत होते.

गजाभाऊंनी कपाळाला हात लावला. "नामदेव, ह्यातला तुझ्या ट्रकचा कुठला?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण गजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेरचे साग मोजायला लागले.

* * *

आईला एक सवय आहे. चढावरून दादाचा आवाज आला की ती चुलीवर चहा ठेवते. बाबा दारात येईपर्यंत चहाला उकळी येते.

एका रविवारी आई आत भाकरी थापत होती. बाबा खोडाळ्याला गेले होते. मी घरामागे एकटीच भांडी घासत होते. तिथं कोणी नाही असं बघून मी आवाज काढून पाहिला. आधी घशातून घरघर. मग दातांच्या फटीतून कुंईई. मग जीभ टाळूला लावून टुक-टुक-टुक. पहिल्यांदा जमला नाही. दुसऱ्यांदा थोडा जमला. मग मला इतकी मजा वाटली की मी अख्खा घाट चढले!

भांडी घेऊन आत आले तर चुलीवर चहा उकळत होता. आई दारातून रस्त्याकडे बघत होती. रस्ता रिकामा. तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, माझे कान गरम झाले.

आईनं चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"घे. दमली असशील चढ चढून!"

मी चहा प्यायला लागले तेव्हा म्हणाली, "वैशू, हे गजाभाऊंना ऐकव."

"सगळ्या माणसांसमोर? मी नाही."

"बरं," आई म्हणाली. आई "बरं" म्हणते तेव्हा विषय संपलेला नसतो.

* * *

होळी तोंडावर आली आणि भिवंडीचे शेठही आले. पांढरा सदरा, हातात रुमाल. दादाभोवती एक चक्कर मारली, टायरला बुटानं ढोसलं आणि बाकावर येऊन बसले. चहा आला. दादा बाहेर उन्हात बंद उभा. गजाभाऊ एका जीपखाली झोपून काम करत होते, त्यांचे नुसते पाय दिसत होते. बाकावरची नेहमीची माणसं आज आवाज न काढता बसली होती.

होळीच्या बाजारासाठी आई आली होती, ती माझ्याशेजारी उभी.

शेठ म्हणाले, "चला, मग किल्ली द्या." आणि हात पुढे केला.

बाबांनी खिशात हात घातला. दादाकडे बघितलं. हात खिशातच राहिला.

आईनं मला कोपर मारलं. "काढ."

"नको ना आई. सगळे बघतील."

"बरं. मग बाजारातून हॉस्टेलसाठी पेटी घेऊन येऊ?"

मी डोळे गच्च मिटले. कोणी दिसत नव्हतं, फक्त घाट दिसत होता. मी चढायला लागले. पहिल्या वळणाला घरघर. चढ वाढला तशी कुंईई. गिअर बदलला, टुक-टुक-टुक. पुन्हा घरघर. दुसरं वळण.

जीपखालून गजाभाऊंची आरोळी आली, "अरे, कोणी चालू केला ट्रक? बंद करा आधी! वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय त्याचं! पंखा तुटून रेडिएटरमध्ये घुसेल! बंद करा म्हणतो ना!"

पुढचं मी पाहिलेलं नाही, आई सांगते ते लिहिते आहे. गजाभाऊ जीपखालून पाठीवर सरपटत बाहेर आले, तसेच धावत दादाकडे गेले आणि त्याच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट थंडगार. त्यांनी हात काढला, परत ठेवला. मग बाबांकडे पाहिलं.

बाबांनी खिशातून किल्ली काढून त्यांना दाखवली आणि परत खिशात टाकली.

"शेठ, अजून एक चहा घ्या," बाबा म्हणाले. "किल्ली नाही मिळायची."

मी तोवर तिसऱ्या वळणावर होते, डोळे मिटलेले, गाडी भरलेली.

गजाभाऊंनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि आईला म्हणाले, "वहिनी, आता हिला बंद करा!"