अक्काचा पेरू

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते. त्यामुळे दोन गोष्टी अंगात भिनल्या आहेत. एक म्हणजे मोठ्यानं बोलणं. दुसरी म्हणजे पट्टी बांधलेली दिसली की ती उघडून बघणं. पहिलीचा त्रास शेजारीपाजारी सोसतात. दुसरीपायी मी गेल्या पावसाळ्यात दोन कलमं मारली.

माझी पहिली नेमणूक साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात झाली. सहा खाटांचा दवाखाना, मागे चार क्वार्टरं. माझ्या शेजारच्या क्वार्टरात दवाखान्यातली आया राहायची. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणू लागले. तिच्या मागच्या भिंतीला लागून पेरूचं झाड वाढलं. पेरू बाहेरून ओबडधोबड, आतून गुलाबी, आणि वास असा की पिशवी घरात आणली तर पाहुण्यांपासून लपवता यायची नाही. पुढे माझ्या बदल्या झाल्या, शेवटी धुळ्यात घर बांधलं, पण दर हिवाळ्यात मी त्या पेरूसाठी जायचेच. अक्का निवृत्त होऊन धुळ्यात लेकीकडे आली. तिच्या क्वार्टरात अँब्युलन्सचे ड्रायव्हरभाऊ राहायला आले, आणि ते आठवणीनं पिशवी पाठवत राहिले. पेरू अक्काकडे यायचे आणि मी अक्काकडे जायचे.

गेल्या उन्हाळ्यात ड्रायव्हरभाऊंचा फोन आला. जुनी क्वार्टरं पाडणार, नवी इमारत होणार, दिवाळीनंतर काम सुरू. मी ते अक्काला सांगायला गेले. आता तिला नीट दिसत नाही. समोरचं माणूस ती आवाजावरून ओळखते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या अहिराणीत एवढंच विचारलं, "मंग पेरूना झाडनं काय?"

गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "अक्का, मी ते झाड तुम्हाला आणून देते. शब्द आहे माझा." बोलून बसले आणि घरी येऊन विचार करू लागले की वीस फुटांचं झाड आणायचं कसं.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. बी लावून तसाच पेरू येईल याचा नेम नाही, म्हणून गुटी कलम करायचं असं कळलं. झाडावरच्याच फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक गच्च बांधायचं. दीड-दोन महिन्यांत तिथे मुळं फुटतात, मग फांदी खालून कापून लावायची. मला हसूच आलं. हे तर ड्रेसिंग! आयुष्यभर दुसरं केलं काय मी?

आषाढ लागताच गेले आणि दोन फांद्यांना गुट्या बांधल्या. शेवाळाभोवती रोलर बँडेज, त्यावर प्लॅस्टिक, टोकं चिकटपट्टीनं बंद. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "सिस्टर, हाडवैद्य लाजंल." मी खूश.

आणि मग दर आठवड्याला एसटीनं जाऊन मी ते उघडून बघू लागले. आत काय चाललंय ते कळायला नको? तिसऱ्या खेपेला सालीच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले. मुळं! मी ती बोटांनी चाचपून पाहिली, समाधान झालं, नव्यानं पट्टी केली. पुढच्या खेपेला शेवाळ कोरडं होतं, ठिपके काळे पडलेले, आणि दोन्ही फांद्यांची पानं पिवळी. मी ड्रायव्हरभाऊंवरच ओरडले. पाणी घातलं नाही, लक्ष दिलं नाही, सगळं बोलले. ते बिचारे मान खाली घालून ऐकत होते. बसमध्ये बसल्यावर मला माझी लाज वाटली. त्यांनी हातही लावला नव्हता, हात लावला होता तो मीच.

अक्काला सांगणं भाग होतं. खरं म्हणजे सगळं गुपचूप करून तिच्यापुढे रोप नेऊन ठेवायचं, असा माझा बेत होता. ती हसून हसून बेजार झाली. तिच्या माहेरी लिंबाच्या गुट्या बांधायचे, तिला सगळं येत होतं. मी विचारलंच नव्हतं.

"येडी, ती काय जखम शे?" ती म्हणाली. "जखम उघाडीसन दखतस. हाई झाकीसन ठेवतस."

हे ऐकून मी हसले, पण आतून हलले. कारण जखम उघडून बघायची, हे मला शिकवलं कोणी होतं? हिनंच.

नोकरीला दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पायावर कुऱ्हाड बसलेला एक मजूर दाखल होता. त्याचं रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे. तो ओरडायचा, जखमेला वास यायचा, आणि मी बावीस वर्षांची, भित्री. दोन दिवस मी जुनी पट्टी काढलीच नाही. वरून नवी गुंडाळली आणि वहीत 'ड्रेसिंग केले' असं लिहिलं. तिसऱ्या सकाळी खाट झाडताना अक्काला वास आला. तिनं पट्टी सोडली, बघितलं, आणि धावत डॉक्टरांना घेऊन आली. पाय वाचला. डॉक्टरांनी विचारलं, कुणाच्या लक्षात आलं? अक्का म्हणाली, "सिस्टरबाईनी माले सांगं, वास येस म्हनीसन." डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी तोंड उघडलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी रजा टाकून पाचोऱ्याला घरी निघून गेले. तिथे बसून राजीनामा लिहिला. पंधरा दिवसांनी तो द्यायला म्हणून परत आले, तर अक्कानं माझं क्वार्टर झाडून ठेवलेलं, पाणी भरून ठेवलेलं. मला पिशवीही खाली ठेवू दिली नाही. "चाल, डरेसिंग शे," म्हणाली आणि हाताला धरून वॉर्डात घेऊन गेली. महिनाभर प्रत्येक पट्टी ती माझ्याशेजारी उभी राहून उघडायला लावायची. राजीनामा ट्रंकेतच राहिला. त्याच दिवसांत तिच्या भिंतीपाशी विटांच्या आळ्यात एक बोटभर रोप लावलेलं मी पाहिलं होतं. कसलं म्हणून विचारलं. "पेरू शे," एवढंच ती म्हणाली.

आज माझी पेन्शन येते, माझं घर उभं आहे, लोक अजून रस्त्यात थांबवून 'सिस्टर' म्हणून बोलतात, ते तिच्यामुळे. हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

राखीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी अक्काच गाडी करायला लावून माझ्याबरोबर आली. झाडाखाली उभी राहून तिनं फांद्या हातांनी चाचपल्या आणि अंगठ्याएवढी जाड एक निवडली. साल मी काढली. खालचा बुळबुळीत थर तिनं मला नीट खरवडायला लावला. शेवाळ तिनं स्वतःच्या मुठीत पिळलं. प्लॅस्टिकवरून जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी अशी आवळली की मला ती सुटलीच नसती. मग माझा हात धरून खोडावर ठेवला. "आते शपत ले. मी सांगत नही तवलोंग हात नको लावू."

मी शपथ घेतली. ते आठ आठवडे माझ्या घरच्यांना विचारा. मी भांड्यांची कपाटं आवरली, शेजारणीचं बीपी दिवसातून दोनदा मोजलं, शेवटी तिनंच येणं बंद केलं. ड्रायव्हरभाऊंची मी माफी मागितली. त्यांनी माझ्यासाठी गुटीचा फोटो पाठवला. त्यात फक्त लुगड्याचा काठ दिसत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. दिवाळीपर्यंत थांबणार नव्हते, ठेकेदाराचं जेसीबी येऊन उभं होतं, परवा काम सुरू. मी अक्काला फोन लावला. "दिवस किती झायात?" तिनं विचारलं. मी सांगितले. "जाय. आते उघाड."

पट्टीची गाठ सुटेना, म्हणून मी ती कात्रीनं कापली. प्लॅस्टिक काढलं, आणि शेवाळ दिसेना इतकी मुळं. पांढरी, ओली, एकमेकांत गुंतलेली. मी तिथेच पायरीवर बसून रडले. ड्रायव्हरभाऊंनी फांदी कापली, अर्धी पानं छाटली, मुळं ओल्या गोणपाटात बांधली. एसटीत कंडक्टर म्हणाला, झाड टपावर टाका. मी त्याला वॉर्डातल्या आवाजात काय ते सांगितलं. फांदी धुळ्यापर्यंत माझ्या मांडीवर आली.

पिशवीत लावून सावलीत ठेवली. दिवाळी उलटल्यावर नवी तांबूस पालवी आली, मग रिक्षातून अक्काकडे नेली. तिनं पानं चुरगळून वास घेतला. आणि मला जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते मी बोलले. "अक्का, तो पाय तुम्ही वाचवलात. शाबासकी मी घेतली. माझी नोकरीही तुम्हीच वाचवलीत. मी तुमचे उपकार कधी बोलले नाही. हे झाड तुमचं आहे, तुम्हाला आणून दिलं."

"मनं कसानं?" अक्का म्हणाली, झाड आपलं म्हणायलाच ती तयार नव्हती. "तू रजावर गयी व्हती ना, तव्हय तो पायवाला उना. सोताना पायवर चालीसन. डालडाना डबामा हाई रोप लई उना. म्हने, सिस्टरबाईले दी द्या. तू परत येशी का नही, कोनले ठाऊक? मंग मी लाई दिधं."

त्या मजुरानं ते रोप माझ्यासाठी आणलं होतं! मी विचारलं, "मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतू ते तू त्याना घर जाईसन बठ्ठं खरं सांगी देती. आनि नोकरी सोडी देती." तिनं पिशवी चाचपून माझ्याकडे सरकवली. "तुनं झाड शे, सिस्टरबाई. मी फक्त पानी टाकं. आते तुना दारशे लाव."

रोप आता माझ्या अंगणात आहे. त्या माणसाचं नावही मला आठवत नाही. पण एक मात्र आठवतं. इतकी वर्षं दर हिवाळ्यात मी माझाच पेरू अक्काकडे मागून खाल्ला, आणि दर वेळी तिनं तो धुऊन, चिरून, मीठ लावून माझ्या हातात दिला.