लाटेवर उभं राहताना बघायचं कुठं?

लाटंबार्सेहून बसमध्ये बसल्या बसल्या आमच्या ह्यांनी भाकीत केलं, "पन्नाशेत लाटेर उभी रवतलंस? पडतलंस, आणि कपडे माका सुकवूक लावतलंस!"

भाची शीतल मोरजीच्या किनाऱ्यावर सर्फिंग (फळीवर उभं राहून लाटेसोबत येणं) शिकवते. तिनं दोन दिवस राहायला बोलावलं होतं, आणि मला एकदा, फक्त एकदा, त्या फळीवर उभं राहायचं होतं.

म्हापशाला बस बदलली. पूल आला, शापोरा नदीचं रुंद पाणी दिसलं आणि मी समोरचा दांडा घट्ट धरला. पोचल्यावर शीतलनं गरम उंडे (कडक सालीचे गोल पाव) आणि पातळभाजी पुढं ठेवली. भीतीनं भूक मरते म्हणतात. मी तीन उंडे खाल्ले.

पहिल्या दिवशी नुसती पडापड. गुडघे टेकेपर्यंत सगळं ठीक, उठले की धपकन पाण्यात. नाकातोंडात खारं पाणी. किनाऱ्यावर हे हाताची घडी घालून उभे, मिशीत हसत.

दुसऱ्या सकाळी शीतल ओरडली, "मावशे, खाली कित्याक बघतंस गो? पाय काय पळान जाऊचे नाय!"

तेव्हा माझं मलाच कळलं. काजूच्या भाटात (बागेत) जन्म गेला. पडलेला बोंडू (काजूचं फळ) शोधायचा आणि पाचोळ्यात बसलेलं विषारी फुरसंही. नजर पायाशी नसेल तर आमच्याकडे धडगत नाही. मी तिला हे सांगितलं, तर ती फळीवर आडवी पडून हसली.

"दर्यात फुरसां नाय गो! वर बघ. काका उभे आसत ना, थंय बघ."

दुपारच्या बसनं परतायचं होतं. लाट आली, शीतलनं फळी ढकलली. उठले. मान खाली जायला लागली, ती मी हट्टानं वर धरली आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हाताची घडी सुटली होती. तोंड उघडं. चपला-पँटसकट हे पाण्यात शिरत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी उभी होते! फळी वाळूला लागली तेव्हा हे गुडघाभर पाण्यात टाळ्या वाजवत होते.

त्यांची पँट मी सुकवली.

परतताना ह्यांनी कंडक्टरला ती लाट सांगितली, मग शेजारच्या बाईंना. दर खेपेला ती हातभर उंच होत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात माझं कौतुक मी प्रथमच ऐकत होते, आणि फार सुख वाटत होतं. खिडकीबाहेर पुन्हा नदी आली असेल. मी ह्यांच्याकडेच बघत होते.