घासून येणारा उजेड

सर गेले, हे त्यांच्या पत्नीच्या, वहिनींच्या, फोनवरून कळलं. मिरजेच्या दुकानात मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तबली, म्हणजे वरचं लाकडी झाकण, चिकटवत होतो. सरस धरेपर्यंत हात काढता येत नाही, म्हणून फोन खांद्याशी दाबून तसाच बसून राहिलो... धड रडताही आलं नाही.

सर विश्रामबागेतल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे कराडकडचे. वर्गात पुस्तकी बोलत, पण आमच्या दुकानात पाय ठेवला की गावची भाषा सुटायची. गाणं त्यांना येत नव्हतं, तरी रोज दिवेलागणीला गच्चीवर जुना तंबोरा छेडत बसायचे आणि मग आकाश रंगवायचे. "सर, गवई कुठाय?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"गड्या, क्षितिजाजवळची चांदणी बघ, लय लुकलुकती. तिचा उजेड जाड हवेला घासत येतो. तुझी तार घोडीला घासती, तवाच झंकारती. आन् माझा कोरडा ब्रश खरबरीत कागदाला घासला, की मधी पांढरे कण राहत्यात. त्याच माझ्या चांदण्या. समदं एकच हाय रं!"

मी मान डोलावली. मास्तर माणूस, चालायचंच, असं मनात म्हटलं.

पुढं एकदा ते तंबोरा घेऊन आले. खुंटी सैल झाली होती, काम तेवढंच. पण तारा टेकतात त्या घोडीवर त्यांनी चरे पाडलेले मला दिसले. झिजलेली घोडी तशीच परत देणं म्हणजे आमच्या घराण्यात नाक कापून घेणंच. न विचारता मी ती कानशीनं घासून सपाट केली, नवी जवारी काढली, म्हणजे तारेला टेकायचा उतार नव्यानं दिला. सरांनी तार छेडली, बराच वेळ ऐकत राहिले. "लय साफ झालं रं," म्हणाले. मला ती शाबासकी वाटली, दिवसभर तोऱ्यात होतो.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चित्रांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वरचं अर्धवट होतं. वर निळा रंग, खाली क्षितिजाची पट्टी कोरी.

"तंबोरा तुमच्याकडनं आला, त्यानंतर हे एकच काढायला घेतलं," वहिनी म्हणाल्या. "आवाज हाय पण चांदणी दिसंना, म्हणायचे."

"आवं वहिनी, मग मला सांगायचं न्हाई का?"

"मी म्हटलं होतं. तर म्हणाले, त्यानं जीव लावून केलंय, त्याला वाईट वाटंल."

एवढी वर्षं ते दुकानात येत राहिले, चहा पीत राहिले, माझी चौकशी करत राहिले. एका शब्दानं बोलले असते तर मी पाया पडून काम पुन्हा केलं असतं. सरांवर इतका राग मला कधीच आला नव्हता.

तंबोरा मी मागून आणला. तीन आठवडे रोज घोडी थोडी थोडी घासतोय, तार झंकारावी म्हणून तिच्याखाली घातलेला दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवतोय. काल संध्याकाळी तार एकदम थरथरत बोलली. जुन्यासारखी वाटली... कदाचित नसेलही. माझ्या कानाला जुना आवाज काय, साफ आवाज काय, दोन्ही गोडच लागतात. सर ज्यात चांदणी बघत होते तो आवाज हाच का, हे विचारायला आता कुणीच उरलेलं नाही.