हूक फिरत नव्हता

अठ्ठावीस वर्षं ती डेपोच्या स्टोअरमध्ये जाळीच्या खिडकीमागे बसली, म्हणून सगळे तिला जाळीताई म्हणत. नवा पार्ट हवा असेल तर आधी जुना मोडका पार्ट खिडकीतून आत द्यायचा, असा तिथला नियम. मिस्त्री लोक तो तिच्या पुढ्यात आदळत आणि नवा घेऊन जात. पान्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती, पण तुटलेलं, झिजलेलं, जळलेलं अठ्ठावीस वर्षांचं लोखंड तिच्या हातांखालून गेलं होतं. बेअरिंग कोरडं चाललं की ओझ्याने गेलं, हे ती नुसतं बोट फिरवून सांगे. कुणी विचारत नसे, ती गोष्ट वेगळी.

तिचा धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक डेपोकडे होता, तो याच्या ताब्यात. वाटेत कुठे बस बंद पडली की ट्रकमागे जनरेटरचा ट्रेलर लावून जायचं. ट्रेलर ज्याला अडकवतात तो मागचा जाडजूड हूक स्वतःभोवती फिरला पाहिजे. तो फिरला तर खड्ड्यात ट्रेलर एकटा कलंडतो, नाही फिरला तर ट्रकलाही सोबत घेऊन जातो. भावाने हेडमिस्त्रीला तीनदा सांगितलं, हूक फिरत नाही. हेडमिस्त्री तीनदा म्हणाला, फिरतो. मग एका दुपारी कालव्याच्या कडेला ट्रेलरचं चाक घसरलं. ट्रेलर आडवा झाला, ट्रक त्याच्यामागून आडवा झाला आणि भावाचा डावा पाय दाराखाली सापडला.

चौकशीला तीन साहेब बसले आणि पाऊण तासात उठले. हूक व्यवस्थित फिरत होता, असं हेडमिस्त्रीने लिहून दिलं. ताई न बोलावता आत गेली. म्हणाली, "त्या हुकाला ग्रीस भरायची निपल चार वर्षांत माझ्याकडून गेलेली नाही." मधले साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही स्टोअर सांभाळा." ड्रायव्हरचा वेग जास्त होता, असा निकाल लागला. भावाचा पाय गेला तो गेलाच, नोकरीही गेली.

एकोणीस वर्षांनी डेपोने मागचं आवार साफ केलं. ताई तेव्हा निवृत्त होती. तो ट्रक भंगारात निघतोय असं कळल्यावर ती स्वतः लिलावात उभी राहिली आणि क्रेनने तो घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवला.

भाऊ कुबडी टेकत शेडच्या दारात आला. "माझा पाय खाल्लेलं धूड घरात आणलंस?"

"त्याने नाही खाल्ला," ताई म्हणाली. "ज्याने खाल्ला तो तिसऱ्या गल्लीत राहतो."

हूक एकोणीस वर्षांपूर्वी होता तसाच होता. उभाच्या उभा, जागीच आवळलेला. ताईने त्यात पहार घालून सगळं वजन टाकलं. ट्रक हलला, हूक नाही. भावाने कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. वेल्डर सिलिंडर ढकलत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दहा मिनिटांचं काम. लाल करतो, सुटला तर सुटला, नाहीतर कापतो."

"थांब जरा. निपल कुठे होती ते बघू दे."

ती ट्रकखाली उताणी झोपली आणि पातीने रंग खरवडू लागली. हूक ज्या नळीत बसतो त्या नळीवर, जिथे निपल असायला हवी, तिथे निपल नव्हती. भोक होतं आणि भोकात रंग घट्ट बसला होता. तिने निम्मा रंग पातीने उभा कापून काढला आणि टॉर्च लावला. कापलेल्या कडेवर चार रेघा दिसल्या. राखाडी, हिरवा, पुन्हा राखाडी, सगळ्यात वर पिवळा.

डेपोत दरवर्षी तपासणीच्या आधी गाड्यांवर रंग मारायचे. कुठला भाग, कुठलं भोक, काही न बघता पुढून मागे पिचकारी. अपघातानंतर मात्र या ट्रकला कुणी ब्रशसुद्धा लावला नव्हता. ताई तशीच पडून राहिली. तिचं बोलणं त्या साहेबाने झटकून टाकलं होतं, आणि या भोकाने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. चार थर म्हणजे चार वर्षं. चार वर्षं या भोकात ग्रीसचा थेंब गेला नव्हता.

ती बाहेर आली, कपाळाला काळं लागलेलं. वेल्डरला म्हणाली, "तू जा. आग लावायची नाही. रंग जळेल."

"गंजलेलं आहे बाई, हाताने सात जन्मात सुटायचं नाही."

"एक जन्म बघते."

भाऊ चिडला. "रंग कुणाला दाखवणार आहेस? ते साहेब वर गेले, फाइल उंदरांनी खाल्ली. उगाच जखमेवरची खपली काढतेस."

"खपलीच दाखवायची आहे," ती म्हणाली आणि डिझेलमध्ये गिअर ऑइल कालवायला बसली.

पुढचे आठ दिवस तिने दुसरं काही केलं नाही. सकाळ-संध्याकाळ भोकाच्या रिकाम्या केलेल्या अर्ध्या बाजूने सिरिंजने तेल सोडायचं, नळीवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, मग पहारेला लांब पाइप चढवून एकदा इकडे, एकदा तिकडे जोर द्यायचा. हूक धरून ठेवणारा मागचा मोठा नट तिसऱ्या दिवशी सुटला. हूक ढिम्म. शेजारीपाजारी डोकावून जात. "ताई, जिमला जायचं सोडून हे काय?" असं कुणीतरी विचारलंही. ताईने पाइपवरचा हात न काढता सांगितलं, "जिममध्ये लोखंड जिंकू देतं. इथे नाही."

आठव्या संध्याकाळी हूक केसभर हलला. नक्की हलला, कारण तिने हुकावरून नळीवर खडूने मारलेली रेघ तुटली होती. ती हात पुसून तडक तिसऱ्या गल्लीत गेली.

हेडमिस्त्री आता अठ्ठ्याहत्तरचा, दारात खुर्ची टाकून बसलेला. त्याने तिला ओळखलं आणि खुर्चीतच जरा आक्रसला.

"मिस्त्री, उद्या सकाळी घरी या. तो हूक सोडवतेय."

"गॅसने कापा."

"कापणार नाही. तुम्ही बघायला या. नाही आलात तर मी ट्रकच इथे, तुमच्या दारात आणून उभा करीन. क्रेनवाला ओळखीचा आहे."

तो आला. भीतीने की हाताच्या जुन्या खाजेने, कोण जाणे. भाऊ त्याच्याकडे पाठ करून बसला. ताईने हेडमिस्त्रीच्या हातात टॉर्च दिला आणि भोक दाखवलं. म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि चार रेघांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मी फिरतो म्हणून लिहून दिलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"बघितलं नव्हतं."

मग भाऊ वळला. "तीनदा सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस. त्या महिन्यात सोळा गाड्या दुरुस्तीला उभ्या होत्या. तू कटकट्या आहेस असं वाटलं मला."

"माफ कर म्हणाल?"

"म्हणतो," हेडमिस्त्री म्हणाला. "पण तू माफ करावंसच असं नाही."

"नाही करणार," भाऊ म्हणाला. "पण हे लिहून द्या. तेव्हा दिलं होतं तसं, सहीनिशी."

म्हाताऱ्याने मान हलवली. ताईने कागद आधीच आणून ठेवला होता. तो ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवून त्याने चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तारीख घातली. कागद भावाने घेतला, दोनदा वाचला आणि छातीच्या खिशात घातला. तो कुठे द्यायचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. डेपोत तरी नक्की देऊ, असं ताईने मनाशी ठरवलं. घेतला नाही तर खिडकीच्या जाळीतून आत टाकू.

मग ती पाइपला भिडली. हूक इंचभर फिरला, परत आला आणि अडला. भाऊ उठला, कुबडी टायरला टेकवली आणि एका पायावर उडी मारत पाइपच्या टोकाला येऊन लोंबकळला. आत काहीतरी करकरलं, लाल भुकटी गळली आणि हूक एकदम पाव वेढा फिरला. भाऊ पडता पडता वाचला. त्याला हेडमिस्त्रीने बखोटीला धरलं होतं, आणि भावाने स्वतःला सोडवून घेतलं.

दुपारपर्यंत हूक बाहेर निघाला. ताईने तो घासून लख्ख केला, नळीत बोटाने ग्रीस भरलं आणि परत बसवला. भोकातला उरलेला रंग तिने तसाच ठेवला आणि नळीच्या दुसऱ्या बाजूला नवं भोक पाडून त्यात निपल लावली. आता हूक एका हाताने गरगर फिरत होता. भावाने तो स्वतः फिरवून बघितला. एकदा नाही, बराच वेळ.

"इंजिनाचं काय?" त्याने विचारलं.

"बघू. क्लच हाताने चालेल असा करून घ्यावा लागेल."

"कोण चालवणार?"

"लायसन्स कुणाकडे आहे?" ताई म्हणाली आणि बॉनेट उघडायला पुढे गेली.