रिंदेमावशीचं दिल

शेहमूसची तुर्की ऐकली तर टीव्हीवरच्या बातमीवाल्यानेही मान खाली घालावी. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोन नंबरच्या खिडकीवर तो बावीस वर्षं नावनोंदणी करत होता, आणि एवढ्या वर्षांत त्या काचेमागून कुर्दीचा एक शब्द बाहेर पडला नव्हता. समोरचा म्हातारा कुर्दीत कितीही कळवळून बोलो, शेहमूस तुर्कीतच विचारणार, "ओळखपत्र?" तसं करा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो कुर्दांच्याच घरी जन्मला, आईचं कुर्दी ऐकतच मोठा झाला. पण सात वर्षांचा असताना मास्तरांकडे कुर्दीत पाणी मागितलं म्हणून त्याला दिवसभर एका पायावर उभं केलं होतं, आणि वर्गातली पोरं, तीही सगळी कुर्दांचीच, पोट धरधरून हसली होती. पायाचं दुखणं रात्रीत गेलं. ते हसू मात्र त्याच्या कानात घर करून राहिलं.

शनिवारी बाजारात मात्र गडी वेगळाच. तिथे पोटाचा प्रश्न. रिंदेमावशी वेणी घातलेलं चीज विकायला बसायची, आणि तिच्याशी तुर्कीत घासाघीस करायची म्हणजे भिंतीशी बोलणं, कारण तिला तुर्कीचं ओ की ठो कळत नव्हतं. मग शेहमूसचं कुर्दी असं सुटायचं की शेजारचे दुकानदार हातातलं काम टाकून ऐकायचे.

"मावशी, या वेणीत चीज कमी नि मीठच जास्त. घरी बायकोला दिवसभर मला पाणीच पाजत बसावं लागेल."

"सरकारी खुर्चीवर बसून तुझं तोंड नाजूक झालंय, पोरा," मावशी म्हणायची. "गाढवाला गुळाची चव काय!"

मग तीच एक जास्तीची वेणी त्याच्या पिशवीत सारायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा इस्तंबूलला इमारतींच्या कामावर. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून शेहमूसचे टोमणेही तिला गोड लागायचे.

त्या वसंतात दवाखान्यात जेरेन नावाची तरुण डॉक्टर आली. पार पश्चिमेकडची, समुद्राकाठची. पोरगी कामाची होती, पण पेशंटचं बोलणं तिला कळेना. दुभाष्याचं काम करणारी नर्स बाळंतपणाच्या रजेवर. एकदा चहाच्या वेळी जेरेनने शेहमूसला, नावापुढे आदराचं 'बेय' लावून, अगदी आर्जवाने विचारलं, "शेहमूस बेय, तुम्ही इथलेच ना? तुम्हाला कुर्दी येत असेल. मला जरा मदत कराल?"

शेहमूसने चहाचा पेला खाली ठेवला. "नाही डॉक्टर हानम. आमच्या घरी पहिल्यापासून तुर्कीच."

एवढं सुंदर खोटं तो कधी बोलला नव्हता. का बोलला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ती स्वच्छ, शिकलेली पोरगी आपल्याकडे आपल्यासारखाच म्हणून पाहतेय, ते त्याला बरं वाटलं होतं. तेवढ्यासाठी त्याने आईची भाषा विकली, आणि तीही फुकट.

पुढच्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, रिंदेमावशी खिडकीशी आली. एकटीच. कपाळाला घाम, ओठ काळसर. काचेमागे शेहमूसला पाहिल्यावर तिच्या जिवात जीव आला. त्याने मान वर न करता तुर्कीत ओळखपत्र मागितलं. मावशीला वाटलं, कामाची पद्धत असेल. पण डॉक्टरच्या खोलीच्या दाराशी ती अडून राहिली. शेहमूसशिवाय आत जाईना, आणि मागे रांग खोळंबली. शेवटी कागद घेऊन त्यालाच तिच्याबरोबर आत जावं लागलं.

आता खोलीत तिघंच. परक्या बाईपुढे छातीला हात लावायची मावशीला लाज वाटली. आमच्या म्हाताऱ्या बायकांची रीत, तसा डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाचा कोपरा तिने तोंडावर धरला होता. त्याच्या आडून ती शेहमूसला म्हणाली, "दिल दुखतंय रे, पोरा. पहाटेपासून. सांग हिला."

आमच्या कुर्दीत दिल म्हणजे काळीज. तुर्कीत दिल म्हणजे जीभ.

जेरेनचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला एक शब्द कळला होता. "दिल! जीभ दुखतेय, बरोबर ना, शेहमूस बेय? बघा ना, तोंडही झाकून घेतलंय."

एक वाक्य बोलायचं होतं. 'जीभ नाही डॉक्टर हानम, काळीज.' बस. पण ते बोलायचं म्हणजे मागच्या आठवड्यातलं खोटं आपल्या हाताने टेबलावर मांडायचं. मावशी त्याच्याकडे बघत होती, जेरेन त्याच्याकडे बघत होती.

"तसंच असेल," शेहमूस मान हलवत म्हणाला.

जेरेनने खुणेने जीभ दाखवायला सांगितली. मावशी बावरली. पण शेहमूसने मान हलवली होती, म्हणजे त्यात काही अर्थ असणारच, म्हणून सत्तर वर्षांच्या त्या बाईने आज्ञाधारक पोरीसारखी जीभ बाहेर काढली. गुळण्या करायचं औषध लिहून मिळालं. बाहेर पडताना तिने शेहमूसला आशीर्वाद दिला, देव तुझं भलं करो म्हणाली. त्याने तुर्कीत म्हटलं, "लवकर बऱ्या व्हा, आजी." मग तो खिडकीशी येऊन बसला आणि स्वतःला समजावत राहिला, वय झालंय, गॅस झाला असेल, घागर उचलली असेल. दोनदा उठला, दोनदा बसला.

दुपारी मिनीबसच्या थांब्यावर मावशी कोसळली. ड्रायव्हरने तिला उचलून आणलं आणि मोडक्यातोडक्या तुर्कीत ओरडून सांगितलं, की ही सारखी काळीज काळीज म्हणत होती. जेरेन पांढरीफटक पडली. तिने जे करायचं ते केलं, अँब्युलन्स शहराकडे गेली, आणि मग ती व्हरांड्यातच भिंतीला टेकून खाली बसली.

"मी तिला जीभ दाखवायला सांगितली," ती रडत म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार, शेहमूस बेय? तुम्हालाही भाषा येत नाही."

तेव्हा तरी बोलायचं! पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण शेहमूसने फक्त तिला पाणी आणून दिलं. मला आजही हे आठवलं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. तरी त्याच्या जागी मी काय केलं असतं, ते छातीठोकपणे सांगता येत नाही.

चार दिवसांनी आमच्या साप्ताहिकात बातमी आली. दवाखान्यात दुभाषी नाही, भाषेपायी लोकांचे हाल होतात, वकील मंडळींनी अर्ज दिलाय, वगैरे. त्यात एक ओळ होती, 'त्या वेळी खोलीत कुर्दी जाणणारं कुणीही नव्हतं.' चहाच्या दुकानात शेहमूससमोरच ती मोठ्याने वाचली गेली. बाजारात शेहमूसचं कुर्दी ऐकलेले चार-पाच जण तिथे होते. एकाने फक्त साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. शेहमूस चहा तसाच टाकून उठला. त्यानंतर पाच शनिवार तो बाजाराकडे फिरकला नाही.

सहाव्या शनिवारी कळलं, मावशी परत बसायला लागलीय. तो गेला. ती अर्धी झाली होती, पण हात चिजाची वेणी घालतच होते. त्याने कुर्दीत तब्येत विचारली. मावशीने इकडे तिकडे पाहिलं, आणि अडखळत, एकेक शब्द जुळवत तुर्कीत म्हणाली, "या साहेब. चीज ताजा. किती पायजे?"

शेहमूसला वाटलं, टोमणा आहे. टोमणा असता तर फार बरं झालं असतं. तो कुर्दीतच पुन्हा म्हणाला, "मावशी, माझ्याशी असं का बोलतेस?"

तिने त्याला खाली वाकायची खूण केली आणि कुर्दीत कुजबुजली, "हळू. कुणी ऐकलं तर तुझी नोकरी जायची. मला त्या दिवशी कळलंच नाही रे, की तुम्हाला तिथे आपलं बोलायची मनाई असते. उगाच तुला पेचात टाकलं. पण आता शेजारच्या पोरीकडून शब्द शिकून घेतलाय. कल्प. काळजाला ते कल्प म्हणतात ना? पुढच्या वेळी माझं मीच सांगेन."

ती माफी मागत होती. त्याची. शेहमूसला ती माफी घेऊन गप घरी जाता आलं असतं, आणि क्षणभर त्याच्या मनात तेही आलं.

"मला कुणी मनाई केली नव्हती, मावशी," तो म्हणाला.

वेणीवरचे तिचे हात थांबले. "मग रे?"

"लाज वाटली."

"माझी?"

शेहमूसची नजर खाली तिच्या हातांवर गेली.  मग मावशीने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि खारट पाण्याने पांढरे पडलेले आपले हात मांडीवरच्या फडक्याखाली लपवले.